नऊ नंबरची बेल

सकाळी साडेसातला फोन वाजला तेव्हा तपासनीस बाई चहा गाळत होत्या.

"वृद्धनिवासांची तपासणी करणाऱ्या बाई तुम्हीच ना?" म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता, दबका, मागे कुणी उभं असल्यासारखा.

"मीच. आपण कोण?"

"ते राहू द्या. टेकडीखालच्या वृद्धनिवासात परवा एक बाई गेल्या. खोली नऊ. आज चार वाजता पोलीस येऊन आमच्या मावशीला घेऊन जाणार आहेत. त्याच्या आत या."

"मावशींचा दोष नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"माझं म्हणणं कोण ऐकतंय? तुम्ही इथे येऊन एकच विचारा. जी बाई उशी सरकवायलासुद्धा बेल मारायची, तिने फरशीवर पडल्यावर बेल का मारली नाही?"

फोन बंद झाला. चहा अर्धवट गाळलेलाच राहिला.

टेकडीखालचा वृद्धनिवास बाईंना चांगला आठवत होता. मागच्या वर्षी त्यांनीच तिथे लाल शेरा मारला होता. लाल बेल, म्हणजे बाथरूममधली संकटाची बेल, महिन्यात दोनशे बारा वेळा वाजलेली आणि निम्म्या वेळा पाच-पाच मिनिटं कुणी फिरकलेलं नाही. आकडे सुधारले नाहीत तर परवाना जाईल, असं स्वच्छ लिहून त्या घरी आल्या होत्या. यंदाची तपासणी पुढच्या आठवड्यात ठरली होती. बाईंनी ती आजच करायचं ठरवलं. आधी कळवून गेलं की घरं आवरलेली दिसतात, हे कळायला काही तपासनीस व्हावं लागत नाही.

नऊ वाजता त्या दारात उभ्या राहिल्या. फरशा आरशासारख्या चकचकीत होत्या. भिंतींना नवा रंग होता. कुंड्यांना पाणी घातलेलं. आणि आत आवाज नव्हता. तीस म्हाताऱ्या माणसांच्या घरात सकाळी नऊला कुणी खोकत असतं, कुणी कुरकुरत असतं, कुठे बेल घणघणत असते. इथे चपलांचाही आवाज उठत नव्हता. त्या अठरा वर्षं परिचारिका होत्या, मग ही नोकरी. शांत माणसं आणि शांत घरं, दोन्ही एकाच कारणाने शांत असतात, असं त्यांचं मत होतं.

व्यवस्थापक धावतच आला. माणूस चाळिशीतला, इस्त्रीचा शर्ट, चार महिन्यांपूर्वी एका हॉटेलातून इथे आलेला. अजून तो म्हाताऱ्यांना पाहुणे म्हणायचा.

"आज कशा आलात? पुढच्या आठवड्यात होतं ना?"

"जाता जाता म्हटलं बघावं. परवा इथे कुणी गेलं म्हणे."

त्याच्या चेहऱ्याची इस्त्री जरा मोडली. बाईंना त्याने कचेरीत बसवलं आणि स्वतः उभाच राहिला.

"नऊ नंबरच्या पाहुण्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, सगळे मोठ्या बाई म्हणायचे. पहाटे बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. थंड फरशीवर दोन-तीन तास पडून होत्या. सव्वासहाला मावशीने पाहिलं तोवर सगळं संपलं होतं."

"मावशी कुठे होत्या?"

"झोपली होती. तिनेच कबूल केलंय. बेलचं यंत्र बंद केलं आणि ताणून दिली."

"यंत्र बंद केलं, हेही त्यांनी कबूल केलंय?"

"ते नाही म्हणते. चोर कधी चोरी केली म्हणतो का?"

बाईंनी यंत्राची यादी मागितली. भिंतीवरच्या त्या पेटीत प्रत्येक बेल आपोआप नोंदली जाते: कुठली खोली, पलंगाजवळची की बाथरूमची, किती वाजता वाजली, किती वाजता कुणी जाऊन बंद केली. परवाच्या पहाटेचा कागद बाईंनी बोटाने वाचत नेला.

"तीन चाळीस. खोली चार, पलंगाची बेल. एका मिनिटात मावशी तिथे. पुढे काही नाही. बंद यंत्राने हे कसं लिहिलं?"

"मग त्यानंतर बंद केलं असेल."

"बंद केलं तरी त्याची नोंद होते, पुन्हा चालू केलं तरी होते. इथे दोन्ही नाही. यंत्र जागंच होतं. नऊ नंबरची बेल वाजलीच नाही."

व्यवस्थापक भिंतीपाशी गेला. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने तिथला तक्ता दाखवला. लाल बेलचा आलेख घसरगुंडीसारखा खाली आला होता. मागच्या वर्षीचे दोनशे बारा, या महिन्यात फक्त अकरा.

"तुमच्याच शेऱ्यामुळे हे झालं," तो म्हणाला. "बहुतेक मी यायच्या आधीच उतरला होता, पण कायम राखला मी."

बाईंनी त्या अकरा बेलची यादीही काढली. दोन नऊ नंबरच्या. बाकी नऊच्या नऊ बारा नंबरच्या. बारा, बारा, बारा. प्रत्येकीला अर्ध्या मिनिटात कुणीतरी पोचलेलं.

"बारामध्ये कोण आहे?"

"एक आजी आहेत. जरा हट्टी आहेत."

"आणि उरलेले अठ्ठावीस जण इतके गुणी कसे झाले?"

तेवढ्यात सिस्टर आत आली. पन्नाशीची, पांढरा एप्रन, डोळे रडून सुजलेले. बारा वर्षं हीच हे घर चालवते आणि मागच्या खोलीतच राहते, हे बाईंना गेल्या वर्षीपासून माहीत होतं. व्यवस्थापक येतात आणि जातात.

"बाई, मावशीला वाचवा हो," ती दारातूनच म्हणाली. "दहा वर्षं राबलीय ती इथे. एक डुलकी लागली म्हणून माणसाला फासावर चढवायचं का?"

"डुलकी किती वाजता लागली?"

"पाचच्या सुमाराला म्हणते. अर्धा तास."

"आणि मोठ्या बाईंना पाहिल्यावर ती पहिल्यांदा कुणाकडे आली?"

"माझ्याकडे. मी तिला खाली पिटाळलं, डॉक्टरांना आणि साहेबांना फोन कर म्हणून. मी मोठ्या बाईंपाशी थांबले." तिने डोळे पुसले. "उपयोग नव्हता काही."

तिघं खोल्या बघायला निघाली. वाटेत एक आजोबा भेटले, हात झोळीत अडकवलेला. झोळी सैल झाली होती. सिस्टरने चालता चालता ती सोडली, पुन्हा बांधली, मानेला टोचू नये म्हणून गाठ सपाट बसवली आणि टोकं आत खोचली. सगळं मिळून पाच सेकंद. बाईंना बरं वाटलं. हल्ली एवढी काळजी कोण घेतं, असं त्या मनाशी म्हणाल्यासुद्धा.

नऊ नंबरच्या खोलीत पलंग आवरून ठेवला होता. मुठीला आकडा असलेली काठी खुर्चीला लटकत होती. बाथरूममध्ये पांढऱ्या फरशा, भिंतीला धरायची उभी लोखंडी दांडी आणि छतावरच्या बटणाला लोंबणारी बेलची दोरी. खाली पिवळट पडलेली प्लॅस्टिकची तिकोनी मूठ.

"बघा," व्यवस्थापक म्हणाला, "जमिनीपासून वीतभर वर. नियमाप्रमाणे. आडवं पडलेल्या माणसालाही हाताशी येते."

"आणि तरी त्यांनी ओढली नाही."

"वय झालं होतं. सुचलं नसेल."

बाईंनी दोरी हातात घेतली. मऊ होती, पांढरीशुभ्र, खालचा वीतभर भाग पुसण्याच्या पाण्याने मळलेला आणि आखडलेला. वर, त्यांच्या डोक्याच्या उंचीवर, ती एका जुन्या करड्या दोरीच्या तुकड्याला जोडली होती. जोड इतका नीटनेटका होता की बोट फिरवलं तरी टोचेना. मग बाईंनी दांडीकडे पाहिलं. तिच्या खालच्या टोकाला जमिनीलगत रंगाचे टवके उडाले होते, लहान लहान, एकाच जागी.

मग त्या एकेक बाथरूम बघत निघाल्या. व्यवस्थापक जांभया देऊ लागला तरी त्या थांबल्या नाहीत. सगळीकडे तीच करडी नायलॉनची गुळगुळीत दोरी, सगळीकडे जमिनीपर्यंत. पण खांद्याच्या उंचीवर प्रत्येक दोरीला एक वाकडा पीळ पडला होता. वेणी सोडली तरी केस लाटा धरून राहतात, तसा.

"हे काय?"

"पुसणाऱ्या बायका पुसताना दोरी वर बांधतात," व्यवस्थापक म्हणाला. "भिजू नये म्हणून. सगळीकडेच करतात."

ते खरं होतं. बाईंनी शंभर घरांत पाहिलं होतं.

बारा नंबर त्यांनी शेवटी ठेवला होता. तिथे खिडकीशी एक चिमणीएवढी आजी बसली होती. पावलं वाजताच तिने मान वळवली. डोळ्यांवर पांढुरकी साय आलेली.

"ताई आली का?"

"आले हो आई," सिस्टर म्हणाली आणि तिचं पांघरूण सारखं केलं.

"त्या सगळ्यांनाच ताई म्हणतात," व्यवस्थापक हळूच म्हणाला. "आणि आमची सिस्टर सगळ्यांनाच आई म्हणते. हॉटेलात हे शिकवून येत नाही हो."

बाई बाथरूममध्ये गेल्या. करडी दोरी सरळसोट लोंबत होती. वरपासून खालपर्यंत पीळ नाही, बाक नाही. त्या जरा जास्तच वेळ तिथे उभ्या राहिल्या. बाहेर येऊन त्यांनी पलंगाच्या पायथ्याशी लावलेलं कार्ड उतरवून घेतलं, जसं प्रत्येक खोलीत घेतलं होतं. जवळचे नातेवाईक, या रकान्यात नाव नव्हतं. फक्त एक फोन नंबर होता.

मावशी कपडे धुण्याच्या खोलीत सापडल्या. साठीला टेकलेल्या, चादरींच्या घड्या घालत होत्या. आज कामावर येऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी आल्या होत्या. चार वाजेपर्यंत घरी बसून काय करू, म्हणाल्या.

"मावशी, मी जे विचारीन त्याचं सरळ उत्तर द्या. डुलकी लागली होती?"

"लागली होती, बाई. त्या रात्री मी एकटीच होते तीस जणांना. पाचला खुर्चीत टेकले. बेल वाजली असेल आणि मला ऐकू आली नसेल. देव मला..." त्यांनी घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

"बेल वाजली नाही. यंत्रात नोंद नाही. ती नोंद तुमच्या झोपेवर अवलंबून नसते."

मावशींच्या हातातली चादर तशीच राहिली.

"तुम्ही आत गेलात तेव्हा दोरी कुठपर्यंत होती?"

"दोरीकडे माझं लक्षच नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत होते."

"काय पाहिलंत?"

"कुशीवर पडल्या होत्या. अंगठीचा हात दांडीपाशी. मी हात धरला, तर..." मावशींनी दाराकडे पाहिलं. "मला वाटलं बोट हललं. मी सिस्टरना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या भास आहे तुझा, जा, फोन कर."

"मग?"

"फोन करून वर आले. पाच-सात मिनिटं गेली असतील. तेव्हा गार होत्या."

"एरवी त्या दोऱ्या वर बांधलेल्या असायच्या का?"

"पुसणाऱ्या सुरगाठ मारतात, ओढली की सुटते. पुसून झालं की मी सोडायची. पण हे सात-आठ महिने गाठी वेगळ्याच असायच्या. नखाला लागायच्या नाहीत. मला वाटलं वरून हुकूम असेल."

"कुणाचा हुकूम?"

"आमच्यासारख्यांनी विचारायचं नसतं, बाई."

दुपारी दोनला तपासनीस बाई आठ नंबरमध्ये गेल्या. चाकाच्या खुर्चीत एक उंच, वाळका म्हातारा बसला होता. आयुष्यभर पोस्टात काम केलेला, म्हणून पोस्टमास्तर.

"सकाळी फोन तुम्ही केलात," बाई म्हणाल्या.

"केला. मेल्यावर तोंड दाखवायचं आहे मला त्या बाईला." त्याने नऊ नंबरच्या बाजूच्या भिंतीवर हात ठेवला. "परवा पहाटे ठोके ऐकू येत होते. तीन ठोके, मग थांबून तीन. बराच वेळ. मला वाटलं पाण्याचा पाइप. मी कूस बदलली. सकाळी कळलं तेव्हा आठवलं, शाळेत मधली सुट्टी संपली की अशीच घंटा होते. तीन, आणि तीन."

बाईंनी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं.

"तुमच्या बाथरूममधली दोरी?"

"ती वरच असायची. मला उभं राहता येत नाही, मला तिचा काय उपयोग? बसल्या जागी पोचत नाही म्हणून आम्ही कुणी येईपर्यंत आतच बसून राहायचो. मोठ्या बाई मात्र ऐकायच्या नाहीत. काठीच्या आकड्याने झटका देऊन रोज गाठ उलटवायच्या. कुणीतरी पुन्हा बांधायचं. त्या पुन्हा सोडायच्या. आमची करमणूक चालली होती. म्हणायच्या, पुढच्या आठवड्यात तपासणीला कोण येईल त्याला हे दाखवणार आहे मी."

"आणि खाली कधी आल्या दोऱ्या?"

"त्या गेल्या त्याच सकाळी. डॉक्टर गेले आणि तासाभरात सगळ्या खाली."

साडेतीनला बाईंनी चौघांना कचेरीत बोलावलं. व्यवस्थापक टेबलामागे बसला. सिस्टर खिडकीशी उभी राहिली. मावशी दाराशी होत्या, जणू आताच निघायचं आहे. पोस्टमास्तरला त्यांनीच ढकलत आणलं होतं.

"अर्धा तास आहे," तपासनीस बाई म्हणाल्या. "पोलीस मावशींना न्यायला येतील. मला वाटतं, ते चुकीच्या माणसाला नेतील."

त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली दोरी काढली. नऊ नंबरची, जोडासकट कापून आणलेली.

"या घरात सगळ्या दोऱ्या नायलॉनच्या आहेत. ही एकच सुती. पाणी पिते, आखडते. ही मलमपट्टीच्या गाडीवर असते, नळ्या आणि पिशव्या बांधायला. म्हणजे ती घाईत, हाताशी होतं त्यातून लावलेली आहे. का लावली? कारण जुनी दोरी डोक्याच्या उंचीवर कापलेली होती. उभं राहून हात वर केला तर पोचेल, पण पडल्यावर नाही. मोठ्या बाई दोन-तीन तास दोरीखाली पडून होत्या. हाक मारायला त्यांच्याकडे एक अंगठी आणि एक लोखंडी दांडी होती. त्या वाजवत राहिल्या."

पोस्टमास्तरने डोळे मिटले.

"कापली कुणी?" व्यवस्थापकाने विचारलं. "पुसणाऱ्या बायकांनी?"

"पुसणाऱ्या सुरगाठ मारतात आणि तासाभरात सोडतात. तेवढ्याने नायलॉनला असा पीळ बसत नाही. तो महिने महिने बांधून ठेवल्याचा आहे. आधी वाटलं तुम्ही, कारण भिंतीवरचा आलेख तुम्ही मिरवता. पण तो तुम्ही यायच्या आधीच घसरला होता, आणि सकाळपासून तुमच्या बुटाची नाडी तीनदा सुटलीय. तुमच्या हातून ही गाठ बसणार नाही."

व्यवस्थापकाने नकळत पाय मागे घेतला.

"ही सपाट गाठ आहे. टोकं आत खोचलेली. रोग्याला टोचू नये म्हणून आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. नंतर हाताला दुसरी येतच नाही. झोळी बांधा, पट्टी बांधा, नाहीतर बाथरूमची दोरी बांधा. मावशींना ती सोडता आली नाही. मोठ्या बाईंनी काठीने एका टोकाला झटका दिला की मात्र ती उलटते. म्हणून शेवटी कात्री लागली."

"इथे गाठ मारायला मीच एकटी शिकलेय का?" सिस्टर शांतपणे म्हणाली. "आणखी दोघी नर्स येतात."

"येतात. म्हणून मी गाठीवर थांबले नाही. तीस खोल्यांत एक दोरी कधीच बांधलेली नव्हती. बारा नंबरची. मोठ्या बाई सोडल्या तर एकच माणूस बेल मारू शकत होतं आणि मारली की अर्ध्या मिनिटात कुणीतरी पोचत होतं. ज्याने सगळ्यांचे आवाज बंद केले, त्याला त्या एका आवाजाची काळजी होती."

बाईंनी वही उघडली, फोन काढला आणि कार्डावरून उतरवलेला नंबर फिरवला.

दोन क्षण काहीच झालं नाही. मग सिस्टरच्या एप्रनच्या खिशात फोन थरथरला. तिने तो काढला नाही. तो वाजत राहिला. व्यवस्थापक तिच्याकडे बघत राहिला, आणि मावशींनी तोंडाला पदर लावला.

"कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना इथे ठेवायचं नाही, असा नियम आहे," सिस्टर म्हणाली. आवाज कोरडा होता. "म्हणून नाव घातलं नाही. आठ वर्षं आहे ती इथे. घर बंद झालं असतं तर आंधळ्या आईला घेऊन मी कुठे जाणार होते? दोन माणसं, तीस खोल्या. धावून धावून पाय तुटले तरी तुमचा आकडा खाली येत नव्हता, बाई. जास्त माणसं मागितली, मिळाली नाहीत. मग मी बेलच कमी केल्या. कुणाला मारायचं नव्हतं मला. मोठ्या बाई रोज गाठ सोडायच्या, तुम्हाला दाखवीन म्हणायच्या, म्हणून तेवढी त्यांची दोरी आठवडाभरासाठी कापली. आठवडाभरासाठीच, तपासणीआधी नवी लावणार होते."

"आणि दोष मावशींवर जाऊ दिलात."

"मी तुमच्यासमोर सकाळी रदबदली केली तिच्यासाठी."

"केलीत. खाई त्याला खवखवे." बाई पुढे झाल्या. त्यांचा आवाज खाली आला. "एकच विचारते. मावशींनी बोट हललं म्हणून सांगितलं. त्यांना तुम्ही खाली पाठवलंत. सात मिनिटं तुम्ही आत एकट्या होतात. आधी नाडी बघितलीत, की आधी दोरी बांधलीत?"

सिस्टर खाली बसली, खुर्ची नव्हती तरी, भिंतीला घसटत फरशीवर. तिने उत्तर दिलं नाही. पुढे पोलिसांनी विचारलं तेव्हाही दिलं नाही.

चार वाजता गाडी आली. बाईंनी दारातच सगळं सांगितलं, दोरी दिली, मावशींचं नाव कागदावरून स्वतःसमोर खोडायला लावलं. मावशी मात्र हसल्या नाहीत की रडल्या नाहीत. त्या सिस्टरकडे बघत होत्या. दहा वर्षं दोघींनी एकाच डब्यातलं खाल्लं होतं.

कचेरीत परत येऊन बाईंनी कपाटातून आपला मागच्या वर्षीचा अहवाल काढला. शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात होतं: लाल बेलची संख्या सहा महिन्यांत निम्म्यावर आलेली दिसावी. खाली सही. माणसं किती कमी आहेत यावर त्यांनी एक ओळही लिहिली नव्हती. त्या दिवशी त्यांना आणखी दोन घरं बघायची होती. आकडा मागितला होता, आकडा मिळाला. त्यांना स्वतःची शरम वाटली, आणि ती जाईल असंही वाटेना. त्यांनी कोरा कागद घेतला आणि नव्या अहवालाची सुरुवात आकडा मागणाऱ्या आपल्या त्या जुन्या वाक्यापासून केली.

मग मावशींना हाक मारून त्या म्हणाल्या, "प्रत्येक खोलीत जा आणि दोरी ओढा. वाजते का ते बघायचंय."

एकामागून एक बेल घणघणू लागल्या. भिंतीवरच्या पेटीत लाल दिवे लागत गेले. खोल्यांतून माणसं बोलायला लागली, कुणी ओरडलं, कुणी शिव्या दिल्या. नऊ नंबरचा दिवा तेवढा अंधारात होता. पेटी पुन्हा शांत व्हायला दहा मिनिटं लागली.

ती शांत झाली आणि बारा नंबरची बेल वाजली. ही तपासणीची नव्हती.

व्हरांड्यात पोलिसांमध्ये उभी असलेली सिस्टर सवयीने वळली. अर्ध्या मिनिटाच्या आत पोचायची सवय होती ती. पोलिसाने तिच्या दंडाला हात लावला आणि ती थांबली. बेल वाजतच होती. कुणी जागचं हलेना.

मावशींनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि त्या निघाल्या. सिस्टरच्या समोरून जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. बारा नंबरचं दार उघडलं, बेल बंद झाली, आणि आतून तो बारीक आवाज आला.

"ताई आली का?"

"आले हो आई," मावशी म्हणाल्या.